व्हॉइड लिनक्स बसवताना पार्टिशन अडलं तर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ओळखीपाळखीतले बरेच धडधाकट लॅपटॉप एकदम बिनकामाचे ठरले. त्यातला एखादा तुमच्या हाती आला असेल आणि लिनक्स मुळापासून शिकायचं असेल, तर त्यावर व्हॉइड लिनक्स बसवून पाहा. नुसतं ब्राउझर आणि यूट्यूब चालवायचं असेल तर लिनक्स मिंट ही सोपी आवृत्ती बसवा आणि हा लेख इथेच सोडा. व्हॉइड काहीच आपणहून करत नाही. शिकणाऱ्याला तेच हवं असतं.

२००८ मध्ये हुआन रोमेरो पार्दिनेस यांनी व्हॉइड सुरू केलं. ते आधी नेटबीएसडीवर काम करत होते. व्हॉइड उबंटू किंवा डेबियनवरून घेतलेलं नाही. त्याचा पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम) एक्सबीपीएस स्वतःचा आहे, आणि सेवा सुरू करून सांभाळायला सिस्टिमडीऐवजी रनइट आहे. साध्या बेस आवृत्तीला ९६ एमबी रॅम आणि ७०० एमबी जागा पुरते, असं त्यांची हँडबुकच सांगते. पेनड्राइव्हवरून सुरू करा, रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून लॉगिन करा (पासवर्ड व्हॉइडलिनक्स, सगळी अक्षरं लहान आणि मध्ये जागा नाही), मग इन्स्टॉलर चालवा. निळ्या पडद्यावर मेनू येतो. कीबोर्ड, नेटवर्क, टाइमझोन हे टप्पे सहज उरकतात. बहुतेक जण अडकतात ते पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या, टप्प्यावर.

तिथे सीएफडिस्क हे भाग पाडायचं साधन उघडतं, आणि काही बिघडलं की शिव्या त्यालाच बसतात. पण सीएफडिस्कचं काम फार थोडं आहे. डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता असतो: कोणता भाग कुठून कुठपर्यंत आणि कशासाठी. सीएफडिस्क तेवढा तक्ता लिहितं. त्या भागात फाइलसिस्टिम (फाइली ठेवायची रचना) बनवणं हे दुसरं काम, आणि तो भाग कुठल्या फोल्डरला जोडायचा, म्हणजे माउंट करायचा, हे ठरवणं तिसरं. सोप्या इन्स्टॉलरमध्ये ही तिन्ही एका बटणामागे लपलेली असतात. व्हॉइडमध्ये पार्टिशन आणि फाइलसिस्टिम हे मेनूतले दोन वेगळे टप्पे आहेत. त्यामुळे तक्रार नेमकी कुठल्या थरातून येते आहे, हे शोधता येतं. ते कळेपर्यंत काही बदलू नका.

माझ्या हातातल्या लॅपटॉपचंच घ्या. डिस्कचे भाग व्यवस्थित पडले, पॅकेजेस उतरली, आणि शेवटी ग्रब हा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) बसेना. पडद्यावरचा निरोप त्रोटक होता. इन्स्टॉलरचं खरं बोलणं आठव्या टर्मिनलवर चालतं, हे नवख्यांना कोणी सांगत नाही: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ८ एकत्र दाबा. तिथे ग्रब म्हणत होतं की या जीपीटी (नव्या प्रकारच्या) तक्त्यात बायोस बूट पार्टिशन नाही. म्हणजे मशीन यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) असूनही जुन्या बायोस पद्धतीने सुरू झालं होतं. बूट मेनूमध्ये एकाच पेनड्राइव्हच्या दोन ओळी होत्या, एकीच्या आधी यूईएफआय लिहिलेलं, दुसरीच्या नाही, आणि वर होती ती दुसरी. आपण कुठल्या पद्धतीने आलो आहोत हे पाहायला सोपं आहे: सिस फोल्डरमधल्या फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचा फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर बायोस. हे सीएफडिस्क उघडण्याआधी बघायचं.

यूईएफआय असेल तर तक्ता जीपीटीच घ्या आणि किमान दोन भाग करा: ईएफआय सिस्टिम प्रकारचा एक, २०० एमबी ते १ जीबीच्या दरम्यान, आणि रूटचा, म्हणजे मुख्य सिस्टिम जिथे बसते तो, दुसरा. बायोसवर जीपीटी हवं असेल तर सुरुवातीला एक-दोन एमबीचा बायोस बूट प्रकारचा भाग ठेवा. तो फॉरमॅटही करायचा नाही, माउंटही नाही. इन्स्टॉलर ही सूचना त्याच पडद्यावर देतो, पण आपण एंटर मारून पुढे गेलेले असतो.

सीएफडिस्कच्या काही खोड्या मात्र खऱ्या आहेत. तक्त्याचा प्रकार ते फक्त कोऱ्या डिस्कवर विचारतं. आधीचा एमबीआर (जुन्या प्रकारचा) तक्ता असेल तर मुकाट्याने तोच उघडतं, मग चारपेक्षा जास्त प्रायमरी भाग का होत नाहीत म्हणून माणूस चक्रावतो. त्यावर उपाय म्हणजे टर्मिनलवरून झेड हा पर्याय देऊन ते कोऱ्या तक्त्याने उघडणं. राइट म्हणेपर्यंत डिस्कला धक्का लागत नाही. राइट करताना पूर्ण 'येस' टाइप करावं लागतं, नुसतं वाय चालत नाही.

लिहून झाल्यावर डिस्क व्यस्त असल्याचा निरोप आला, तर जुना एखादा भाग अजून वापरात आहे. फाइल मॅनेजरमध्ये तो उघडून पाहिला असेल, किंवा जुना स्वॅप (रॅमला पूरक अशी डिस्कवरची जागा) चालू असेल. अनमाउंट करा, स्वॅपऑफ करा, पुन्हा लिहा. नव्या भागावर जुनी फाइलसिस्टिम दिसत राहिली तर घाबरू नका. भाग त्याच सेक्टरपासून सुरू झाला की आधीच्या खुणा तशाच राहतात. वाइपएफएस (या खुणा पाहायचं-पुसायचं साधन) कुठल्याही पर्यायाशिवाय चालवलं तर त्या फक्त दाखवतं. ए पर्याय दिला तरच पुसतं.

डिस्कच दिसत नसेल तर सीएफडिस्कमध्ये शोधण्यात अर्थ नाही. डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड चालवा. तिथे फक्त पेनड्राइव्ह दिसला, तर फर्मवेअर सेटिंगमध्ये स्टोरेज रेड किंवा व्हीएमडी मोडवर आहे का बघा आणि ते एएचसीआय मोडवर करा. त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर थांबा, कारण तयारीशिवाय हा बदल केला की विंडोज सुरू होत नाही. फाइलसिस्टिमच्या टप्प्यावरही एक जागा जपायची. विंडोजचा ईएफआय भाग वापरणार असाल तर 'नवी फाइलसिस्टिम बनवू का' याला नाही म्हणा. हो म्हटलंत तर विंडोजचा बूटलोडर गेला.

हे सगळं खऱ्या डिस्कवर शिकायची गरज नाही. ट्रंकेट कमांडने १० जीबीची रिकामी फाइल बनवा आणि सीएफडिस्कला डिस्कऐवजी तिचं नाव द्या. रूटची परवानगी लागत नाही, आणि फाइल विरळ असल्यामुळे जागाही जवळपास जात नाही. हवे तेवढे तक्ते लिहा, मोडा. हात बसला की क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये पूर्ण व्हॉइड बसवा, तेही एकदा बायोसने आणि एकदा यूईएफआयने.

सिस्टिम अ‍ॅडमिनच्या किंवा क्लाउडच्या नोकरीत हेच थर पुन्हा भेटतात. सर्व्हरची डिस्क २० जीबीवरून ५० केली तरी डीएफ ही जागा दाखवणारी कमांड जुनाच आकडा दाखवते, ही तक्रार तुमच्याकडे येणारच. डिस्क वाढली, पण तक्त्यातला भाग वाढलेला नसतो. ग्रोपार्टने तो वाढवला तरी ईएक्सटी४ फाइलसिस्टिम तेवढीच राहते, तिला वेगळं रिसाइझ२एफएस लागतं. मुलाखतीत हा क्रम विचारला, तर आधी एलएसबीएलके आणि मग डीएफ, दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून बोला.