पहिलं भाषण करायचंय? मग पाठांतर सोडा

पहिल्यांदा चार लोकांसमोर बोलायचं असेल तर विषय शोधत हिंडू नका. तुमच्या हाताला जे येतं तोच विषय. शिवणकाम, गच्चीवरच्या मिरच्या, जुनी रेडिओ दुरुस्ती, काहीही चालेल. पहिल्याच भाषणाला ‘पर्यावरण आणि आपण’ घेणाऱ्याला मी लांबूनच हात जोडतो.

वेळ पाच मिनिटं धरा. सावकाश बोललं की मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे पाचशे शब्दांचा ऐवज पुरे.

आता खरी अडचण. नवशिक्याला सगळे एकच सल्ला देतात: लिहून काढ आणि पाठ कर. हाच सल्ला मला नडला. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातल्या एका गावात, गणपतीत, माझं पहिलं भाषण होतं. दोन फुलस्केप पानं, ‘सन्माननीय अध्यक्ष’पासून ‘जय हिंद’पर्यंत तोंडपाठ. ठरलेले नाना आलेच नाहीत, ऐनवेळी दुसरेच आप्पा अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. मी घोकलेलं नानांचं नाव ठोकून दिलं. समोर हशा पिकला आणि पुढची दोन्ही पानं डोक्यातून पुसली गेली. मागून कोणीतरी ओरडलं, “बोल ना भो!” मी माइक ठेवला आणि जनरेटरच्या मागे जाऊन बसलो.

पाठ केलेलं भाषण सत्तावीसच्या पाढ्यासारखं असतं. मधेच कोणी टोकलं की पुन्हा सत्तावीस एके सत्तावीसपासून सुरुवात. घरी ते चालतं, स्टेजवर कोण थांबतंय? शिवाय भीतीनं छाती धडधडते, श्वास वरवर चालतो, तोंडाला कोरड पडते. अशा वेळी शब्द न् शब्द आठवायला जाणं म्हणजे पळत्या बसमध्ये सुईत दोरा ओवणं. आणि ऐकणाऱ्यांनाही घोकंपट्टी लगेच कळते. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला झालं. या भागाला भाषणं नवीन नाहीत.

मग करायचं काय? दुसऱ्या खेपेला मी वांग्याच्या भरतावर बोललो, कारण थंडीत शेतात वांगी भाजायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच असतं. बसच्या तिकिटाएवढ्या चिठ्ठीवर चार शब्द लिहिले: निवड, टोचे, आच, साल. बस्स. ‘निवड’ दिसलं की आकाराच्या मानानं हलकं वांगं का घ्यायचं ते आठवतं, त्यात बिया कमी. ‘टोचे’ दिसलं की टोचे न मारता भाजलेलं वांगं फुटून चुलतभावाच्या नव्या शर्टावर उडालेलं आठवतं. हे पाठ करावं लागत नाही. वाक्यं त्या वेळी सुचतील तशी येऊ द्या, थोडी वाकडी आली तरी चालतील.

पाठ फक्त दोन वाक्यं करा, पहिलं आणि शेवटचं. पहिलं वाक्य थेट कामात शिरणारं हवं. “मागच्या पौषात माझ्या हातून अकरा किलो वांगी करपली” असं म्हटलं की लोक मोबाइल खाली ठेवतात. “मी काही वक्ता नाही” हे सांगू नका, ते त्यांना दिसतंच. आणि कृपा करून बहिणाबाईंच्या ओळींनी सुरुवात करू नका. जळगावकडे निम्मी भाषणं तिथूनच निघतात. त्या माउलीला लिहितावाचता येत नव्हतं, शेतातलं अन् घरातलं जे रोज हाताखालून जायचं तेच तिच्या तोंडून आलं. उचलायचं तर तेवढं उचला.

अध्यक्षांचं आणि पाहुण्यांचं नाव मात्र चिठ्ठीच्या मागे लिहा, तेही खुर्चीत कोण बसलंय ते बघून.

मधेच अडखळलात तर “सॉरी, विसरलो” म्हणू नका. चिठ्ठी बघा, श्वास पूर्ण सोडा, पुढच्या शब्दावर जा. तुम्हाला ती शांतता पंचमीच्या उपासाएवढी लांब वाटते. समोरच्याला वाटतं, हा विचार करतोय.

सराव आरशासमोर नको, आरशात माणूस केसच बघतो. घरात कोणी भाजी निवडत बसलं असेल त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्यानं बोला, तीन वेळा. दर वेळी वाक्यं वेगळी आली तर तयारी झाली समजा. दोनदा शब्दशः तीच आली, तर तुम्ही नकळत पाठ करताय. एक दिवस सुट्टी घ्या.

माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा, त्यावर फुंकू नका, स्पीकरकडे त्याचं तोंड करू नका, शिट्टी वाजते.

शेवटचं वाक्य झालं की खाली उतरा. माइक पुढच्या माणसाच्या हातात द्या, टेबलावर आपटू नका.