जवानांना फराळ पाठवताय? या चुका टाळा

मी नोकरीत असताना एका दिवाळीला आमच्या चौकीवर पार्सल आलं. मांजरपाटाची शिवण उसवली तसा तेलाचा वास सुटला. लोणच्याची बरणी वाटेत फुटली होती आणि चिवडा, लाडू, शाळेतल्या मुलांनी रंगवलेली पत्रं, सगळं तेलात भिजलं होतं. पत्रं आम्ही बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीजवळ, वाळवून वाचली. आता निवृत्तीनंतर आम्ही माजी सैनिक दरवर्षी पार्सलं पाठवतो, तेव्हा बांधाबांध करताना ती बरणी हमखास आठवते.

सगळ्यात जास्त घोळ पत्त्यात होतो. लेह, तवांग असं ठिकाणाचं नाव लिहायचंच नाही. जवानाचा फौजेतला नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मग मार्फत ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ९९ एपीओ आणि शेवटी ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन, एवढंच. ५६ चं टपाल दिल्लीहून पुढे जातं, ९९ चं कोलकात्याहून. तिथे गफलत झाली की पार्सल भलत्याच टोकाला फिरत राहतं. पिनमधला पहिला ९ हा लष्करी टपालासाठीच राखून ठेवलेला आहे. ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, याचा मला फार अभिमान वाटतो. खासगी कुरिअर एपीओला पोचत नाही, पोस्टातच जावं लागतं. दक्षिण सुदान किंवा लेबनॉनला शांतिसेनेत गेलेल्या जवानासाठी त्याच्या युनिटने घरच्यांना कळवलेला पत्ताच वापरा, अंदाजाने लिहू नका.

पत्ता कापडावर पक्क्या शाईने लिहा आणि तोच पत्ता एका चिठ्ठीवर लिहून पार्सलच्या आतही ठेवा. पावसात वरची शाई पसरली तरी आतली चिठ्ठी कामी येते.

आणि कृपा करून पार्सलांच्या ढिगाचा फोटो लेबलं दिसतील असा काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. नाव आणि युनिट एकत्र वाचता येणं धोक्याचं आहे. हौस म्हणून टाकलेला फोटो कुठे कुठे जाईल, ते आपल्या हातात राहत नाही.

आता खाऊ. ओल्या नारळाच्या करंज्या, खव्याचे पदार्थ, पातळ लोणचं हे नकोच. पार्सलला पोचायला किती दिवस लागतील, ते हवामान आणि रस्ता ठरवतात. शंकरपाळे, बेसनाचे लाडू, कडक भाजलेला चिवडा आणि लोणच्याऐवजी कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची कोरडी चटणी पाठवा. तिकडे चपातीबरोबर चटणीचा डबा दोन दिवसांत संपतो! चकल्या पिशवीत भरल्या तर पोचेपर्यंत त्यांचा चुरा होतो. गोल डब्यात एकावर एक रचा आणि मधे कागद घाला.

एक गोष्ट मैदानात राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या साधारण दोन तृतीयांश असतो, त्यामुळे हवा भरलेली पाकिटं टम्म फुगतात आणि फुटतात. पिशवी बंद करण्याआधी तळहाताने दाबून आतली हवा काढून टाका. काडेपेटी, लायटर, सेंटचे स्प्रे टपालात चालत नाहीत. ते सापडले तर अख्खं पार्सल अडतं.

वापरलेले स्वेटर पाठवू नका. थंडीचे कपडे फौज देते. त्यापेक्षा काळे मोजे, ओठांना लावायचं मलम, खेळायच्या पत्त्यांचा जोड पाठवा. एका सेक्शनमध्ये, म्हणजे फौजेतल्या छोट्या तुकडीत, दहा जण असतात, म्हणून प्रत्येक वस्तू दहाच्या हिशोबाने भरा. पार्सल एकाच्या नावाने आलं तरी सगळ्यांसमोर उघडतं.

दिवाळीचं पार्सल दसऱ्याआधी पोस्टात पडलं पाहिजे. हिवाळ्यात लडाखच्या वाटेवरचा झोजिला घाट बर्फाने बंद होतो, मग उशीर ठरलेलाच.

पत्रात लढाईच्या गोष्टी, बदला, बलिदान असलं काही मुलांकडून लिहून घेऊ नका. जवान ते रोज जगतोय. पाऊस कसा झाला, बैलपोळ्याला कुणाची जोडी सजली, शाळेच्या भिंतीला कुठला रंग दिला, हे लिहू द्या. आणि पत्राखाली शाळेचा पत्ता घाला, मुलाच्या घरचा नको. जवानांना उत्तर लिहायचं असतं.