वसईहून नगर-बीडकडे: कोरड्या मुलखातल्या मिशनवर पहिला उन्हाळा काढताना

वसईच्या दमट हवेत वाढलेले फादर-सिस्टर नगर, बीड, जालन्याकडच्या मिशनवर आले की पहिल्या उन्हाळ्यात हमखास फसतात. घाम दिसत नाही, म्हणून ऊन सोसतंय असं वाटतं. घाम येतोच, पण कोरड्या वाऱ्यात अंगावर टिकत नाही. सदरा कोरडा, डोकं जड आणि लघवी गडद पिवळी झाली, की समजावं उशीर झालाय. तहान लागायची वाट पाहू नका, लघवी फिकट राहील इतकं पाणी पीत राहा.

वाड्यावस्त्यांवरच्या भेटी सकाळी सहाला सुरू करून अकराच्या आत परत या. मोटारसायकलवर माणशी दोन लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. एका पाकिटाला बरोबर एक लिटर पाणी लागतं. ग्लासभर पाण्यात पाकीट ओतलं तर मीठ जास्त होऊन उलट त्रास होतो. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा (चहाचा चमचा). कान-डोकं सुती उपरण्याने झाकून घ्या, झळा कानाला लागतात. कुणी असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलं असेल, तर ओल्या चादरीत गुंडाळून वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

घोळणा फुटणं इथे नेहमीचं. मान मागे टाकू नका, पुढे वाका आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. रात्री नाकपुडीत व्हॅसलिनचं बोट फिरवलं की पुन्हा फुटायचं प्रमाण कमी होतं. टाचांना खोबरेल तेल पाय धुतल्या धुतल्या, ओलसर असतानाच लावायचं.

खरा प्रश्न पाण्याचा. टंचाईत सरकारी टँकरचा हिशेब खेड्यात दरडोई रोज २० लिटरचा असतो. चार सिस्टर आणि ५० मुलींचं बोर्डिंग असेल, तर २० लिटरच्या हिशेबानेही रोज १,०८० लिटर लागतं. म्हणजे १०,००० लिटरचा टँकर नऊ दिवस. कूलर, बाग, पाहुणे यात धरलेले नाहीत. हा हिशेब फेब्रुवारीतच करून ठेवा, एप्रिलमध्ये टँकरवाला फोन उचलत नाही.

टँकर टाकीत उतरला की त्यात टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर) घाला. ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरला ५० ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून बादली भरा, दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते थेंब टाकून रंगावरून बघा. रंग पिवळा आला नाही तर कारणं दोनच: पाणी गढूळ आहे किंवा पावडर मेली आहे. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, त्याला आधी तुरटी फिरवून निवळू द्या. पावडरचं पोतं उघडं राहिलं तर उन्हाने आणि हवेने ती मरते. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, अंधारात ठेवा.

बोअरचं पाणी जड असतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. डाळीसाठी टँकरचं किंवा पावसाचं पाणी राखून ठेवा, नाहीतर चिमूटभर खाण्याचा सोडा. क्षार उकळून थोडेफार तळाला बसतात, पण फ्लोराइड उकळून जात नाही. बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्याच. शिवाय मोटर थ्री-फेज असेल तर शेतीच्या विजेची पाळी बघूनच टाकी भरते, आणि ती पाळी कधी रात्री असते. ते वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा.

चर्चचं पत्र्याचं छप्पर म्हणजे आयती विहीर. १०० चौरस मीटर छप्पर, हंगामात ५०० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के गळती धरली तरी ४०,००० लिटर मिळतं. फक्त पहिल्या सरीचं शंभर-दोनशे लिटर बाहेर सोडा, कबुतरांची घाण त्यात असते. टाकी बंद आणि अंधारी हवी, नाहीतर शेवाळ धरतं.

कूलर इथे छान चालतो, वसईत चालत नव्हता म्हणून नाक मुरडू नका. मात्र एसीसारखी खोली बंद केली की दमट भट्टी होते. समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करून घासा, डासांच्या अळ्या त्यातच होतात. आशीर्वादित पाण्याच्या भांड्यालाही हाच कोरडा दिवस लावा. वेदीवरच्या मेणबत्त्या मे महिन्यात वाकतात, त्या माठाजवळच्या फडताळात ठेवाव्यात. ढोलकी कोरड्या हवेत चढते, गाण्याआधी उतरवून घ्या. गुड फ्रायडेची क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांवर थांबत केलेली प्रार्थनायात्रा) सकाळी सातला काढा. दुपारी काढायचा हट्ट असेल तर दर तीन स्थानांना सावली आणि पाण्याचा पिंप हवाच.

आता कॅलेंडर. दसरा-दिवाळीनंतर बीड-नगरची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, परततात गुढीपाडव्याच्या आगेमागे. नाताळात चर्च अर्धं रिकामं दिसलं तर श्रद्धा आटली असा रिपोर्ट लिहू नका. माणसं कारखान्याच्या तळावर असतात. कुठली टोळी कुठल्या कारखान्यावर आहे, हे मुकादमाकडून लिहून घ्या आणि मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) तिथे न्या, तीही संध्याकाळी, तोड आटोपल्यावर. मुलांचा ख्रिस्तशिक्षणाचा वर्ग आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद पाडवा ते जून या काळातच बसवा.

आणि नळ. मिशनच्या टाकीत पाणी आणि कुंपणाबाहेर हंड्यांची रांग, हे चित्र एका उन्हाळ्यात वर्षांची ओळख पुसतं. कुंपणाबाहेर एक तोटी काढा आणि सकाळी सहा ते सात अशी ठरलेली वेळ ठेवा. माणशी किती हंडे हे गावातल्या बायकांनाच ठरवू द्या. तोटीवर फादरने उभं राहू नये, भांडण मिटवायला गेलात की तुम्ही एका बाजूचे होता.