खारा वारा पडल्यावर: फुग्याने अँटेना चढवण्याचा अनुभव

माझा पहिला फुगा दुपारी साडेतीनला गेला. तारेसकट. कोकणातल्या एका पुळणीवर आम्ही तिघं हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, माना वर करून बघत होतो आणि दीड मीटर व्यासाचा पांढरा फुगा चाळीस मीटर तांब्याची तार शेपटीसारखी मागे ओढत सुरूच्या बनावरून गावाकडे निघाला होता. तार पुढे कुठे विजेच्या वाहिनीवर पडली नाही, ही नशिबाची गोष्ट. त्यानंतर बरंच शिकलो. नव्याने या नादाला लागणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, म्हणून लिहितो.

आधी फुगाच कशाला, ते सांगतो. १६० मीटर बँडवर (बँडचं नाव लहरीच्या लांबीवरून), म्हणजे १.८ मेगाहर्ट्झच्या आसपास, पाव तरंगलांबीची उभी अँटेना ३९-४० मीटर उंच लागते. बारा-तेरा मजली इमारतच म्हणा. ओसाड पुळणीवर, कातळसड्यावर किंवा प्रवाळबेटावर एवढं उंच झाड नसतं आणि एवढा मनोरा होडीतून कोण नेणार? ४० मीटर बँडसाठी हीच अँटेना १० मीटरची होते, ८० साठी २० मीटरची. तिथे फायबरग्लासची घडीची काठी पुरते आणि ती फुग्यापेक्षा शंभर पटींनी शहाणी. त्यामुळे पहिला सल्ला थोडा उलटा वाटेल: काठीने काम भागत असेल तर फुग्याच्या वाटेला जाऊ नका. दक्षिणेकडच्या हर्ड किंवा बूवेसारख्या बेटांवर, जिथे वारा सतत झोडपत असतो, तिथे तर विचारही नको.

आता हिशेब. समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. दीड मीटर व्यासाच्या फुग्यात पावणेदोन घनमीटर वायू मावतो, म्हणजे पावणेदोन किलोची उचल. हवामानखात्याच्या फुग्यासारखा लॅटेक्सचा फुगा स्वतः साडेतीनशे ग्रॅम भरतो. अर्धा मिलिमीटर जाडीची ४० मीटर तांब्याची तार ७० ग्रॅम, दोरी तितकीच. हाती सव्वा किलो उरतं. आम्हाला वाटलं, भरपूर झालं.

वाऱ्याचा हिशेब आम्ही केलाच नव्हता. ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या फुग्यावर आडवा दाब चारशे ग्रॅमच्या आत असतो, तार थोडी कलते, काही बिघडत नाही. ताशी १८ ला तो सव्वा किलोवर जातो. उचल सव्वा, ओढ सव्वा. तार सरळ ४५ अंशांत आडवी. ताशी ३० ला साडेतीन किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, शाळेत शिकलेलंच, पण पुळणीवर उभं राहून आठवलं नाही. वर फुग्याचा सगळा भार आम्ही तारेवरच टाकला होता. जिथे तिला पीळ बसला होता, तिथे ती तुटली.

भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, मार्क मिळाले की विसरतात. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून खारा वारा येतो आणि दुपारी तो जोरात असतो. रात्री उलट, जमिनीकडून मतलई सुटते. मधे एक वेळ येते: खारा पडलेला असतो आणि मतलईने अजून धरलेलं नसतं. आमच्या त्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ही वेळ रात्री नवापासून पुढे काही तास मिळते. ती कोळ्यांना विचारा, मोबाइलमधल्या अॅपला नंतर. गंमत अशी की १६० मीटर बँडलाही रात्रच हवी असते. दिवसा आयनांबराचा, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेचा, 'डी' थर या लहरी गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि दूरचे संदेश येऊ लागतात. म्हणजे दुपारी साडेतीनला फुगा चढवून आम्ही तसंही काही कमावणार नव्हतो.

दुसऱ्या खेपेला भार दोरीवर दिला. दीड मिलिमीटरची विणलेली नायलॉन दोरी, खालचं टोक वाळूत गाडलेल्या पोत्याला. तार दोरीला दर दोन-तीन मीटरवर सैल बांधायची, म्हणजे ताण दोरी घेते आणि तार नुसती सोबत जाते. तंगूस वापरू नका. अंधारात दिसत नाही, हात कापते आणि पक्ष्यांच्या जिवावर उठते. दोरीला रंगीत चिंध्या बांधा. फुगा आणि तारेचं वरचं टोक यांच्यात तीन मीटर नुसती दोरी ठेवा, कारण प्रसारण करताना त्या टोकाशी विद्युतदाब सगळ्यात जास्त असतो.

वायू हेलियमच. तो महाग आहे, आणि ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये असे तीन-चारच फुगे भरतात, हे मान्य. पण हायड्रोजन स्वस्त म्हणून तिकडे वळू नका. जत्रेत फुगेवाल्याच्या सिलिंडरचा स्फोट झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. इथे तर शेजारी ठिणगी पाडू शकणारी तार आहे. दुसऱ्या महायुद्धात 'गिब्सन गर्ल' नावाचा जीवरक्षक होडीतला संच होता: हाताने दांडा फिरवायचा, ५०० किलोहर्ट्झवर एसओएस जायचा आणि सुमारे ९० मीटरची तार पतंगाने किंवा हायड्रोजनच्या फुग्याने वर चढायची. समुद्रात बुडणाऱ्याने तो धोका पत्करावा. आपण हौशी.

एका गोष्टीबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आभाळ निरभ्र, वारा मंद, रिग (रेडिओ संच) बंद, आणि मी तारेचं टोक ट्यूनरला (संच आणि अँटेना जुळवणाऱ्या पेटीला) लावायला गेलो तर असा झटका बसला की हातातला पेचकस उडाला. उंच टांगलेली तार हवेतून स्थिर विद्युत गोळा करत राहते. तार आणि जमीन यांच्यामध्ये एक मेगाओहमचा रोधक कायम जोडून ठेवा, विद्युतभार गुपचूप उतरत राहतो. क्षितिजावर वीज चमकली तर मात्र रोधक वाचवणार नाही. वेळीच फुगा उतरवा.

तार वर गेली म्हणजे अर्धीच अँटेना झाली. खाली रेडियल, म्हणजे जमिनीवर चहूबाजूंना पसरलेल्या तारा, लागतात. आम्ही ओल्या वाळूवर आठ तारा पसरल्या, चार पाण्यात सोडल्या. खारं पाणी वीज चांगलं वाहून नेतं, हीच किनाऱ्याची खरी कमाई. फुगा डुलला की एसडब्ल्यूआर (संच आणि अँटेना किती जुळलेत याचं माप) हलतो, त्यामुळे एकाने ट्यूनरपाशी बसून राहायचं.

मार्कोनीलाही हे चुकलं नाही. १९०१ च्या डिसेंबरात न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर त्याचा फुगा वादळी वाऱ्याने तोडून नेला. १२ डिसेंबरला त्याने पतंगाने सुमारे १५० मीटर तार चढवली आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्डू केंद्राचे तीन टिंब (मोर्समधलं 'एस') ऐकल्याचं सांगितलं. वारा असेल तर पतंग, नसेल तर फुगा. अजूनही आम्ही दोन्ही नेतो.

परवान्याची प्रत खिशात ठेवा आणि तुमच्या श्रेणीत कोणत्या फ्रिक्वेन्सी बसतात ते निघण्याआधी बघा. विमानतळाच्या आसपास हा प्रयोग करूच नका, इतरत्रही हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारूनच. पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा. रात्री पुळणीवर दिवे, तारा आणि टिकटिकणारा मोर्स दिसला की गावकरी त्यांना बोलावणारच.

दुसऱ्या खेपेच्या त्या रात्री तीनच्या सुमारास पूर्व युरोपातली दोन स्टेशनं मिळाली, अगदी क्षीण. तिसऱ्याचं कॉलसाइन (स्टेशनचं सांकेतिक नाव) अर्धवट उतरवून होतंय तोच मतलईने धरलं, फुगा समुद्राकडे झुकला, आणि आम्ही हेडफोन फेकून दोरी गुंडाळायला धावलो.