पहिल्या मोठ्या पावसाआधीची कामे: शेतातली माती, खत आणि औषध पाण्यात जाऊ नये म्हणून

पाऊस आठ-दहा दिवसांवर आला की आपले सगळे लक्ष बियाण्याकडे आणि खताच्या गोण्यांकडे लागते. विहिरीचे, ओढ्याचे पाणी राखायचे दिवसही नेमके हेच, आणि दरवर्षी ते धांदलीत निघून जातात. कोरड्या दिवसांत जमिनीवर बरेच काही साचलेले असते. गोठ्यामागचा चिखल, उकिरड्यातून झिरपून वाळलेले काळे पाणी, बांधाकडेला सांडलेले खत, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, मशागतीने मोकळी झालेली बारीक माती. पहिला जोरदार पाऊस हे सगळे एका दमात उचलतो. तेव्हा रानावर पीक नसते, मुळे नसतात, थेंबाचा मार झेलायला पानही नसते. म्हणून पेरणीआधीची एक सकाळ पाण्यासाठी काढा, ही कळकळीची विनंती.

पाण्याचे प्रदूषण म्हटले की डोळ्यांपुढे कारखान्याची नळी किंवा गावाचे गटार येते. ते खरेच आहे, पण अशा ठिकाणी निदान बोट ठेवता येते, नळी बंद करता येते. शेतातून जाणारी घाण विखुरलेली असते. थोडी या तुकड्यातून, थोडी त्या ओघळीतून, आणि ओढ्याला मिळेपर्यंत कुणाची किती हे सांगता येत नाही. त्यामुळे तिला अडवायची जागा एकच, आपला बांध.

नत्र: डोळ्यांना न दिसणारी गळती

युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन) असते आणि तो पाण्यात साखरेसारखा विरघळतो. टाकल्यानंतरचे पहिले काही दिवस पाणी जाईल तिकडे तो जातो. मग त्याचा अमोनियम होतो. अमोनियमला मातीचे कण धरून ठेवतात, म्हणून तेवढा काळ जरा निर्धास्त. पुढे जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि नायट्रेटला माती धरत नाही. मुळांनी वेळेत उचलले तर ठीक, नाही तर पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली उतरते. हलक्या, मुरमाड जमिनीत तर फारच लवकर. मुळांच्या खाली गेलेले नत्र पिकाला परत मिळत नाही. ते भूजलात पोचते, कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 50 मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे, ती मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी. बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात असे पाणी गेले की रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते आणि ओठ, नखे निळसर पडतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी 1945 मध्ये याचा संबंध विहिरीच्या पाण्याशी जोडून दाखवला. त्या विहिरी शेतवस्तीवरच्याच होत्या. घरात तान्हे बाळ असेल तर विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय त्याच्या दुधात वापरू नका.

आता खताचा हिशेब. लिटरला 50 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे साधारण 11 मिलिग्रॅम नत्र. अशा विहिरीचे पाणी एका हेक्टरला हंगामभरात 40 सेंटिमीटर दिले, तर ते होते 40 लाख लिटर आणि त्यातून रानात जाते सुमारे 45 किलो नत्र, म्हणजे जवळपास 98 किलो युरियाइतके. ते आपण मोजत नाही आणि वरून पुन्हा पूर्ण मात्रा देतो. हा हिशेब मांडल्यावर पुष्कळांचा हात आखडतो, आणि तो आखडावाच. त्यातले सगळेच पिकाला लागू पडेल असे नाही, तरी निम्मे धरले तरी एक हप्ता हलका करता येतो.

पेरणीला सगळे नत्र एकदम देऊ नका. रोपाची मुळे चार बोटे असताना त्याला तेवढे उचलता येत नाही. मात्रा दोन-तीन हप्त्यांत विभागा आणि मातीआड करा. पुढच्या एक-दोन दिवसांत मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर युरियाची गोणी फोडूच नका. रिमझिम पाऊस युरिया मुरवतो, धो-धो पाऊस तो वाहून नेतो.

माती गेली की स्फुरद गेले

स्फुरदाचे (फॉस्फरसचे) वागणे वेगळे. ते मातीच्या बारीक कणांना चिकटून बसते, त्यामुळे माती जागेवर राहिली तर तेही बहुतांशी जागेवर राहते. लाल-पिवळे पाणी बांध फोडून जाताना दिसले की समजा, डीएपीचे, म्हणजे स्फुरदाच्या खताचे, पैसे चालले.

खात्री करायची असेल तर पहिल्या मोठ्या पावसात पांढऱ्या काचेची रिकामी बाटली घेऊन शेताच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यावर जा. वाहते पाणी बाटलीत भरा आणि खिडकीत ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला बसेल. त्यावर गाळाचा थर तासा-दोन तासांत. पण सकाळीही वरचे पाणी दुधट, गढूळच राहिलेले दिसेल. ते न बसणारे कण म्हणजे चिकणमाती, आणि शेतातले सर्वांत जास्त स्फुरद त्यांनाच चिकटलेले असते. तेच कण तळ्यापर्यंत जातात.

तळ्यात गेल्यावर काय होते ते कॅनडातल्या ओंटारिओमध्ये 1973 साली फार स्वच्छ दाखवून दिले गेले. शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा टाकला. एका भागात कर्ब आणि नत्र सोडले, दुसऱ्या भागात तेच आणि शिवाय स्फुरद. स्फुरदवाला अर्धा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा नितळ राहिला. शेवाळ वाढते तोवर तळे नुसते हिरवे दिसते. खरी आपत्ती ते मेल्यावर. ते कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. तो 5 च्या खाली गेला की मासे कासावीस होतात, 2 च्या खाली बहुतेक जगत नाहीत. शेततळ्यात मासे सोडले असतील तर सूर्य उगवायच्या आधी काठावर जाऊन बघा. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरते, त्यामुळे तो सर्वांत कमी पहाटे असतो. मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ वासत असतील तर ते भुकेले नाहीत, गुदमरत आहेत. त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडा.

पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय आली असेल तर जनावरांना तिथे पाणी पाजू नका. काही निळ्या-हिरव्या शेवाळांत विष असते आणि त्याने गुरे दगावतात. मोरचूद टाकून ती साय मारायचा मोह होतो, तो टाळा. पेशी फुटल्या की आतले विष एकदम पाण्यात उतरते. हे विष उकळूनही जात नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात एरी सरोवरातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात ते सापडले आणि सुमारे चार लाख लोकांना तीन दिवस ते पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असे सांगावे लागले. त्या सरोवरात येणारे स्फुरद मुख्यतः शेतांतून येते.

बांधाची फुटलेली जागा आत्ताच भरा. सांडव्याला दगड लावा. पेरणी उताराला आडवी करा. ओढ्याच्या किंवा तळ्याच्या बाजूला पाच ते दहा मीटरचा गवताचा पट्टा राखता आला तर उत्तम, जागा नसेल तर दोन मीटर तरी नांगरू नका. मात्र एक गोष्ट बघा: पाणी पट्ट्यावर पसरून आले तरच गवत गाळ धरते. एकाच ओघळीतून लोंढा येत असेल तर तो गवत चिरून निघून जातो. आधी ती ओघळ दगडांनी किंवा काडीकचऱ्याने अडवून पाणी पसरवा, मग पट्ट्यावर विसंबा.

गोठा, उकिरडा आणि विहीर

शेणखत हे सोने आहे, पण पाण्यात पडले की त्याची ताकद उलटी फिरते. सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्यावर तिची तीव्रता मोजतात. घरगुती सांडपाण्याला लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम लागतात, गुरांच्या पातळ शेणमुताला 10 ते 20 हजार, मुरघासाच्या गळतीला 30 हजारांहून जास्त, आणि दुधाला तर लाखावर. नासलेले दूध ओढ्यात ओतणे किरकोळ वाटते, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

शेणातले रोगजंतू हा वेगळाच धोका. ओंटारिओतल्याच वॉकरटन या छोट्या गावात मे 2000 मध्ये मोठा पाऊस झाला. जवळच्या शेतावर टाकलेल्या शेणखतातले जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले, पाण्यात क्लोरीन पुरेसे नव्हते आणि देखरेखही नव्हती. 7 माणसे गेली, 2,300 च्या आसपास आजारी पडली. चौकशीत त्या शेतकऱ्याचा काही दोष निघाला नाही, त्याने खत रीतीप्रमाणेच टाकले होते. मला ही घटना त्याचसाठी महत्त्वाची वाटते. खताची मात्रा बरोबर असली तरी विहीर उथळ, जागा वाईट आणि पाऊस मोठा असेल तर तेवढ्याने भागत नाही.

तेव्हा उकिरडा विहिरीपासून किमान 30 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. हलवणे शक्य नसेल तर त्याच्या वरच्या बाजूने चर काढा म्हणजे पावसाचे पाणी त्यात शिरणार नाही, आणि वरून झाका. विहिरीचा कठडा जमिनीपासून उंच आहे ना, भोवतालच्या ओट्याला भेगा नाहीत ना, पाणी विहिरीपासून बाहेर वाहते ना, हे बादलीभर पाणी ओतून बघा. बोअरवेलच्या केसिंगभोवती बोट जाईल एवढी फट असली तरी पृष्ठभागावरचे पाणी थेट खाली जाते. बंद पडलेले जुने बोअर उघडे असेल तर आजच झाका. लेकरांसाठीही, पाण्यासाठीही.

फवारणी: ग्रॅमभर औषध

युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम औषध एक कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेते. एक मीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल वाहणारा ओहोळ धरला तर 33 किलोमीटर लांबीचा. बाटलीच्या तोंडावरचे चंदेरी सील आपण नखाने फाडतो आणि तिथेच टाकतो. त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेले दाट थेंब नीट बघा. मग ते सील बांधावर टाकवणार नाही.

सर्वांत जास्त औषध पाण्यात जाते ते पंप भरताना आणि धुताना. विहिरीच्या ओट्यावर औषध कालवायचे नाही, ओढ्यात पंप बुडवून भरायचा नाही. पाणी ड्रमने शेतात न्या. नळी औषधाच्या टाकीत बुडवून ठेवू नका; मोटार बंद पडली की तीच नळी टाकीतले औषध उलटे ओढून विहिरीत सोडते. नळीचे तोंड पाण्याच्या वर वीतभर ठेवा. ठिबकातून खत सोडत असाल तर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवलेला आणि चालू आहे ना, हे हंगामाआधी तपासा.

रिकामी बाटली चतुर्थांश पाण्याने भरा, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओता. असे तीन वेळा. मग बाटलीला भोक पाडा म्हणजे ती पुन्हा कुणी वापरणार नाही. पंप धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारून संपवा. पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅमनेही मारतात, म्हणून तळ्याच्या कडेच्या ओळी वारा तळ्याकडे असताना फवारू नका.

वरून येणारे पाणी

कधी घाण दुसऱ्याची असते आणि नुकसान आपले. जपानमध्ये जिंझू नदीच्या वरच्या अंगाला खाण होती. तिच्यातले कॅडमियम नदीत उतरले, नदीचे पाणी भातशेतीत आले, भातातून ते माणसांच्या शरीरात गेले. बहुतेक रुग्ण बायका होत्या. हाडे इतकी ठिसूळ झाली की आजाराचे नावच पडले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. सरकारने 1968 मध्ये कारण मान्य केले, शेतजमीन दुरुस्त करायला मात्र तीस वर्षांहून जास्त लागली. कारखान्याच्या किंवा खाणीच्या खाली शेती असेल तर पाण्याबरोबर मातीचीही जड धातूंसाठी तपासणी करून घ्या, आणि फेस, तवंग किंवा अनोळखी रंग दिसला की पाणी रानात घेणे थांबवून फोटो व तारीख नोंदवून ठेवा.

क्षारांचे पाणी हळूहळू मारते. पाण्यातले क्षार विद्युत वाहकतेने मोजतात. ती मीटरला 0.7 डेसिसायमनच्या खाली असेल तर चिंता नाही, 3 च्या वर गेली तर बहुतेक पिकांना ते पाणी झेपत नाही. निचऱ्याच्या चराशिवाय असे पाणी देत राहिलात तर जमीन खारावते.

नमुना असा घ्या

एक नमुना पावसाआधी, दुसरा पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरात. मोटार पाच-दहा मिनिटे चालू द्या. स्वच्छ प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. वर विहिरीचे नाव, तारीख, वेळ लिहा. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली आणा. ती विसळायची नाही आणि तोंडाला बोट लावायचे नाही. दोन्ही बाटल्या सावलीत, थंड ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर 24 तासांत पोचवा. नायट्रेट, सामू (पीएच), विद्युत वाहकता आणि कोलिफॉर्म (शेण-मैला पाण्यात मिसळल्याची खूण देणारे जंतू) एवढे चार तपास मागा. अहवालावर नायट्रेट ‘नत्र म्हणून’ दिले असेल तर आकड्याला 4.4 ने गुणा, मगच 50 च्या मर्यादेशी ताडून बघा.