जुन्या वहीतला केक सणासाठी पुन्हा करताना

जुनी पाककृती लिहिणाऱ्या व्यक्तीने ती बहुधा स्वतःच्या आठवणीपुरती लिहिलेली असते. तिच्या हाताला सवय असल्यामुळे ‘अंड्याएवढे बटर’, ‘मंद ओव्हन’, ‘होईपर्यंत भाजावे’ एवढ्या शब्दांवर तिचे भागत असे. आपले भागत नाही. म्हणून सणाला पाहुण्यांसमोर असा केक ठेवायचा असेल, तर निदान पंधरा दिवस आधी या शब्दांचे ग्रॅम आणि अंश ठरवून निम्म्या प्रमाणात एकदा करून पाहावा.

सुरुवात पाककृतीचा काळ आणि देश ओळखण्यापासून करावी. अमेरिकेत पाककलेच्या शिक्षिका आणि लेखिका फॅनी फार्मर यांनी 1896 मध्ये सपाट भरलेल्या मापांचा आग्रह धरला. त्याआधीच्या पाककृतीतला कप म्हणजे घरातला हाताशी असलेला कोणताही पेला असू शकतो. ब्रिटिश पाइंट 568 मिलिलिटरचा आणि अमेरिकी पाइंट 473 मिलिलिटरचा असल्यामुळे, माप कोणत्या देशाचे हे चुकले तर जवळजवळ 100 मिलिलिटर दुधाचा फरक पडतो. अंड्याएवढे बटर साधारण 55 ते 60 ग्रॅम भरते. मंद ओव्हन म्हणजे सुमारे 150 अंश सेल्सिअस, मध्यम म्हणजे 180 आणि कडक म्हणजे 200 ते 220; पंख्याचा ओव्हन असेल तर त्यातून 20 अंश कमी करावेत.

सर्वांत जास्त फसगत अंड्यांच्या बाबतीत होते. मैदा, बटर, साखर आणि अंडी प्रत्येकी एक पौंड, म्हणजे 454 ग्रॅम, घेऊन होणाऱ्या पौंड केकच्या जुन्या पाककृतींत दहा-बारा अंडी सांगितलेली आढळतात, कारण तेव्हाची अंडी लहान असत. मी पहिल्या वेळी विश्वासाने बारा मोठी अंडी फोडली, आणि केक वरून सोनेरी दिसला तरी मधोमध ओलसर व चिवट राहिला. आजच्या मोठ्या अंड्याचा गर सुमारे 50 ग्रॅम असतो, म्हणजे नऊ अंडी पुरेशी होती. तेव्हापासून मी अंडी मोजत नाही, फोडून वजन करते.

या केकमध्ये बेकिंग पावडर नसते, आणि ती आपल्या मनाने घालूही नये, कारण त्याचा घट्ट, रेशमी पोत फेटताना शिरलेल्या हवेवरच उभा असतो. बटर इतकेच मऊ असावे की बोट दाबल्यास खळगा पडेल, पण बोटाला तुपकट चकाकी येणार नाही. साखर घालून ते पिवळ्याचे फिकट पांढुरके होईपर्यंत फेटावे. जुन्या पाककृतींत यासाठी तासभर सांगितलेला असला, तरी विजेच्या मिक्सरवर पाच ते सात मिनिटे पुरतात. अंडी थंड नसावीत आणि थोडी थोडी घालावीत. मिश्रण फाटल्यासारखे दिसू लागले, तर चमचाभर मैदा टाकताच ते सावरते.

सोडा असलेल्या पाककृतीत आंबट दूध उगाच नसते, कारण सोड्याला आम्ल लागते. आंबट दूध नसल्यास कपभर ताज्या दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून दहा मिनिटे थांबावे. सोड्याऐवजी तेवढीच बेकिंग पावडर घातल्यास केक बसतो, कारण ती सुमारे तिप्पट लागते. जुन्या आयसिंगमध्ये कच्चे अंडे असेल, तर पाहुण्यांत लहान मुले, वृद्ध किंवा गरोदर स्त्रिया असू शकतात हे जाणून ते साखरेसह गरम पाण्याच्या वाफेवर 71 अंशांपर्यंत तापवूनच वापरावे.

पौंड केक आदल्या दिवशी करून पूर्ण गार झाल्यावर गुंडाळून ठेवावा, कारण दुसऱ्या दिवशी तो अधिक मुरतो आणि कापताना चुरा होत नाही. सुक्या मेव्याचा केक मात्र तीन-चार आठवडे आधी करावा. आयसिंग पाहुणे येण्याच्या दिवशीच लावावे, आणि हे केक जड असल्यामुळे दातेरी सुरीने बोटभर जाडीचेच काप करावेत.