स्लीव्हनंतरची जळजळ : मिरची सोडूनही या चुका राहून जातात

‘‘ताई, ठेचा सोडला, शेवभाजी सोडली, तरी रात्री घशाशी आंबट येतंच.’’ वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह शस्त्रक्रिया करून घेतलेली जळगाव-धुळ्याकडची माणसं मला आहारतज्ज्ञ म्हणून हेच सांगतात. दोष एकट्या मिरचीचा नसतो.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात. उरते केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. पूर्वीचं जठर अन्न आलं की सैल होऊन जागा करायचं, ही नळी तेवढी ताणत नाही. आतला दाब वाढतो आणि अन्ननलिकेच्या तळाची झडप तो पेलू शकत नाही. म्हणून काय खाल्लं याइतकंच किती, किती भरभर आणि कधी खाल्लं हे मोजावं लागतं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेलं की खापरावरची पुरणपोळी आणि ‘‘एवढा एक घास घे’’ हा आग्रह. त्या एका घासाला आत खरंच जागा नसते. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की हात थांबायला हवा. वरण-बट्टीचंही तसंच : बट्टी कोरडी, घशात अडकते, मग वर पाणी प्यायलं जातं. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास थांबा. पण म्हणून दिवसभर पाणी तोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, अशा वेळी घोट घोट पाणी चालूच ठेवायला हवं.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते. रात्री दहाला जेवण आणि अकराला अंथरुण, ही खरी अडचण. भरीत त्यामानाने निरुपद्रवी. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. दोन-तीन उशा घेतल्याने पोट दुमडतं. त्यापेक्षा खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून सहा ते आठ इंच उंची द्या आणि डाव्या कुशीवर झोपा.

जळजळ झाली की खायचा सोडा पाण्यात घेणं मला सगळ्यात जास्त खटकतं. त्यातून गॅस होतो आणि आधीच ताणलेल्या नळीत दाब आणखी वाढतो. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी जळजळ उठल्यावर घेऊन उपयोग कमी. ती सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते. डॉक्टरांना न विचारता ती वर्षानुवर्षं चालू ठेवली, तर बी-12, लोह, मॅग्नेशियम कमी पडू शकतं, आणि शस्त्रक्रियेमुळे आधीच त्यांची ओढाताण असते.

वजनासाठीची दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे जठराचा बायपास : जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. ती झालेल्यांना असा त्रास सहसा कमी होतो. त्यांना छातीखाली दुखू लागलं तर ‘पित्त’ समजू नका. गुडघेदुखीच्या गोळ्या, विडी, सिगारेट यांमुळे त्या जोडाशी अल्सर (जखम) होऊ शकतो.

त्रास नसला तरी स्लीव्हनंतर एका वर्षाने तोंडावाटे दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) करून घ्या, पुढे दोन-तीन वर्षांनी पुन्हा. आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदलत असू शकतं आणि ते कळतही नाही. गोळ्यांनी भागत नसेल तर हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) किंवा नळीचं गरजेपेक्षा अरुंद होणं शोधावं लागतं. काहींना स्लीव्हचं बायपास करून घ्यावं लागतं.

काळी शौच, उलटीत रक्त, घास अडकणं, पाणीही न टिकणं : यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याला झाली असेल तर ती फाइल सोबत न्या. स्लीव्ह की बायपास, हे गावातल्या डॉक्टरांना त्याशिवाय कळणार नाही.